भाता

आत्याच्या यजमानांचा कॅमेरा
कळ दाबली की अजून उघडतो, खटकन.
पुढचं झाकण पडतं, आणि काळा भाता
घड्या मोडत बाहेर येतो
दुपारच्या झोपेतून उठवलेल्या म्हाताऱ्यासारखा,
नाइलाजानं.

बिजागरीत कुंकू आहे.
खंडेनवमीला काका त्याला पाटावर मांडत,
आत्याच्या कात्रीशेजारी, आपल्या टाइपरायटरशेजारी.
झेंडूचं एक फूल, हळदीचं बोट.
फोटो मात्र एकही काढला नाही त्यांनी.
पंचेचाळीस साली इंफाळहून परतले, फौजी टपालातून,
ट्रंकेत हा जपानी,
आणि खारकर आळीत दोन गोष्टी फिरत राहिल्या.
एक : दूध-पावडरीच्या दोन डब्यांवर घेतला.
दुसरी
आत्या ऐकू येण्याइतकी जवळ असताना
कुणी सांगत नसे.
विचारलं की गुप्तेकाका अडकित्ता हातात घेत.
सुपारी कातरून होईपर्यंत
विषय आपणच बदलायचा.

भिंगाभोवती क्रोम नाही, नुसता काळा रंग, तोही पोपडलेला.
तिकडेही धातू संपत आला असणार.
एका सेकंदावर काटा ठेवला
तर तीन सेकंद उघडा राहतो डोळा.
बेचाळीसचा सेकंद. जडच असेल.

रात्री न्हाणीघरातला दिवा मालवून
भात्यात टॉर्च धरला.
सतरा भोकं.
घडीघडीच्या कोपऱ्यावर बारीक चांदणी.
एवढं आकाश ठाण्यात
मी कितीतरी दिवसांत पाहिलं नव्हतं.

गोखले रोडवरच्या दुकानदारानं हात जोडले,
"शोकेसमध्ये ठेवा, मॅडम."
मग कुणीतरी सांगितलं म्हणून
उथळसरला, जिन्याखाली, भिकाजी मेस्त्रींकडे.
ते पेटीवाले. हार्मोनियमचे.
त्यांनी भाता नाकाशी नेला,
मग गालाशी धरून हलकेच दाबला.
"आमचा भाता वारा धरतो, तुमचा काळोख.
गळती ती गळतीच."

आठवड्यानं गेले तर तो अर्धा सोललेला.
पाटावर सरस, कोकराचं पातळ कातडं,
आणि मेस्त्रींच्या चिमट्यात जुना एक कोपरा.
आतून ठिगळ होतं.
नखाएवढं, रेशमाचं असावं,
कडा दुमडून चिकटवलेलं, इतकं निगुतीनं
की टॉर्चलाही सापडलं नव्हतं.
कारखान्याचं नव्हे. कुणीतरी गुडघ्यावर ठेवून,
मेणबत्तीशी, जीभ दातांत धरून
केलेलं काम.

मेस्त्री बराच वेळ बघत राहिले.
"हात बरो होतो मेल्याचो," म्हणाले,
आणि आपल्याच शब्दापाशी थबकले.
वर कुणाच्या तरी कुकरची शिट्टी झाली.
दोघांनीही ती मोजली.

नवं कातडं त्यांनी
तेवढा कोपरा सोडून लावलं.
तीनशे सांगितले, मी पाचशे दिले,
दोनशे परत आले.

पाठीवरच्या लाल खिडकीत
एकचा आकडा सरकत आला, तेव्हा
मेस्त्रींनाच जिन्याच्या तोंडाशी उभं केलं.
चष्मा कपाळावर, मागे
आतडी काढलेल्या पेट्यांची चळत.
"श्वास धरा," म्हटलं.
ते हसले, मग धरला. तीन सेकंद.
पुढचे अकरा असेच : मासुंद्याचा कठडा,
जांभळी नाक्यावर केळीची पानं विकणारी,
गॅलरीत वाळणारी माझीच चादर.

रोल दादरहून धुऊन आला.
मेस्त्री जरा हललेले.
बाराही फोटोंत, डाव्या कोपऱ्यात,
नखाएवढा
पांढरा डाग.

परवा आत्याची शालन आली होती.
फोटो पत्त्यांसारखे हातात धरून
एकेक बघत गेली, पुन्हा पहिल्यावर आली,
डागावरून अंगठा फिरवला.
पुसला जाईना.
"हे काय गं इथे?"

मी उठले.
फळीवर, डब्यांच्या मागे,
काकांचा अडकित्ता कुठे ठेवलाय
ते शोधू लागले.